‘सिस्टर, ह्याला हात लावू का नको?’ : साथीच्या दिवसांत घरातल्या कचऱ्याचं काय करायचं

जुलै २०२०. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत करोनाचा पहिला रुग्ण दुसऱ्या मजल्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला उतरत होते, तर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी जिन्यातच थबकलेल्या. त्या घराच्या कडीला किराणा दुकानातली एक पातळ पिशवी लटकत होती. तोंडाला एकच सैल गाठ. गाठीतून निळ्या मास्कची नाडी बाहेर आलेली, आत ओले टिश्यू दिसत होते आणि तळाशी वरणाचं पाणी साचलं होतं. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ह्याला हात लावू का नको?"

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली, शेवटची काही वर्षं वॉर्डाची इन्चार्ज होते. कुठल्या पिशवीला कोणी, कधी, कसा हात लावायचा हे मी नव्या मुलींना झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण वॉर्डात पिवळा डबा, लाल डबा, ट्रॉली, जाड हातमोजे, सगळं जागच्या जागी असायचं. इथे होता तो जिना, ती पातळ पिशवी आणि मावशींचे उघडे हात. मी म्हणाले, "आज नका लावू. उद्या सांगते."

त्या रात्री वहीत जे लिहून काढलं आणि पुढे दोन लाटांत चुकत-सुधारत पक्कं केलं, ते इथे देते. करोना मागे पडला असला तरी साथ पुन्हा येऊ शकते, आणि घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर यातलं बरंचसं आजही तसंच करायचं आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच धरून चला. पिशवी बांधताना ती पुढे कोण उचलणार आहे, कोण उघडणार आहे, त्या माणसाचे हात डोळ्यांसमोर आणा. बाकीचे सगळे नियम त्यातूनच सुचत जातात.

आधी कचरा कमी करा

त्या पहिल्या घरात रुग्णाला कागदी ताटल्यांमध्ये जेवण देत होते. तेव्हा गृहविलगीकरण १७ दिवसांचं होतं. दिवसाला तीन वेळा म्हटलं तरी ५१ ताटल्या, शिवाय वाट्या, पेले, चमचे. सगळं उष्टं, सगळं ओलं. मी त्यांना सांगितलं, स्टीलचं ताट-वाटी वेगळी ठेवा. रुग्णाला उठता येत असेल तर त्याने स्वतःच न्हाणीघरात साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन आत ठेवावी. नसेल उठता येत, तर हातमोजे घालून घरातल्या एकाच माणसाने धुवावी. साबणापुढे हा विषाणू टिकत नाही, त्याचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि साबण ते फोडतो. स्टीलच्या ताटाला भिऊन कागदी ताटल्यांचा ढीग मावशींच्या डोक्यावर देण्यात शहाणपण नाही.

तसंच बाटलीबंद पाण्याचं. खोलीत एक कळशी किंवा झाकणाचा जग ठेवा. फडकी टिश्यूऐवजी सुती वापरता आली तर बघा. साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून धुतली की ती पुन्हा वापरता येतात. पण खोकल्याचा बेडका, शेंबूड यासाठी मात्र टिश्यूच बरा, तो लगेच पिशवीत जातो.

रुग्णाच्या खोलीत दोन डबे

एक पायाने उघडणारा, पिवळी पिशवी लावलेला. दुसरा साधा. पिवळी पिशवी मेडिकलच्या दुकानात किंवा ऑक्सिजन, व्हीलचेअर वगैरे सामान भाड्याने देणाऱ्यांकडे मिळते. नाहीच मिळाली तर कुठलीही जाड पिशवी घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘करोना कचरा’ लिहा. रंग नसला तरी चालेल, ओळख हवी.

पिवळ्या पिशवीत काय जातं? रुग्णाच्या अंगातून निघालेलं, किंवा त्याच्या नाका-तोंडाला, जखमेला लागलेलं. त्याचा मास्क, त्याचे टिश्यू, कापूस, गॉझ, पट्टी, काळजी घेणाऱ्याचे हातमोजे, डायपर, सॅनिटरी पॅड, नेब्युलायझरचा (वाफेतून औषध देणाऱ्या यंत्राचा) मास्क, ऑक्सिजनची नाकातली नळी. घरी सलाईन लावलं असेल तर त्याचा सेट आणि रिकामी बाटली, पण सुई नव्हे. सुईचं पुढे सांगते.

आणि काय जात नाही? औषधांची खोकी, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बिस्किटांचे कागद, फळांची सालं, उरलेलं जेवण, वर्तमानपत्र. इथे आम्हीही सुरुवातीला चुकलो. भीती इतकी होती की त्या घरातलं सगळंच पिवळ्या पिशवीत कोंबायला लावलं. मक्याची कणसं, चहाचा चोथा, ॲमेझॉनची खोकी. चौघांच्या घरातून दिवसाला दोन-दोन फुगलेल्या पिशव्या निघायला लागल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० पासून या कचऱ्याबद्दल सूचना काढल्या आणि त्या पुन्हा पुन्हा सुधारल्या. जुलै २०२० च्या सुधारित सूचनेत स्पष्टच होतं, की जेवणखाण आणि रिकाम्या बाटल्यांसारखा साधा कचरा पिवळ्या पिशवीत घालू नका.

कारण साधं आहे. पिवळी पिशवी जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतून निघणाऱ्या, कचऱ्याच्या भट्टीत जाते. तिथे पहिल्या कप्प्यात ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखावं लागतं. ओली सालं आणि भात त्यात गेला की आधी पाणी उकळण्यातच उष्णता खर्च होते. शिवाय भट्टी एका दिवसात ठराविकच वजन जाळू शकते. तुमच्या मक्याच्या कणसांनी जागा अडवली की कोण्या रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या पिशव्या गोदामात पडून राहतात.

रुग्णाच्या खोलीतला साधा ओला-सुका कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बांधून रोजच्या कचऱ्यात द्यायचा. त्याचं उष्टं मी कंपोस्टच्या डब्यात मात्र घालू देत नव्हते, कारण तो डबा आम्ही हाताने खालीवर करतो.

पिशवी बांधायची रीत

ही माझी सगळ्यात आग्रहाची गोष्ट आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

पिशवी काठोकाठ भरू नका. तीन-चतुर्थांश भरली की थांबा, वर बांधायला वीतभर जागा उरली पाहिजे. आतली हवा काढायला पिशवी दाबू नका. दाबली की आतलं सगळं तुमच्या तोंडावर येतं. मानेशी दोन्ही हातांनी धरून तिला पीळ द्या, पिळलेला भाग खाली दुमडा आणि दुमडलेल्या जागी सुतळी घट्ट आवळा. तिच्याच दोन कानांची गाठ मारली तर ती सुटते, शिवाय गाठ मारताना बोटं आत जातात.

मग दुसरी पिशवी. दोन माणसं असतील तर फार सोपं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने रिकाम्या पिशवीचा काठ वीतभर बाहेरच्या बाजूला उलटा दुमडायचा आणि त्या दुमडीच्या आत हात घालून पिशवी उघडी धरायची. आतल्या माणसाने बांधलेली पिशवी हळूच तिच्यात सोडायची. बाहेरच्याचे हात दुमडीखाली झाकलेले राहतात आणि नव्या पिशवीची बाहेरची बाजू कोरी राहते. वॉर्डात आम्ही हे रोज करत होतो. घरी एकटंच माणूस असेल तर दुसरी पिशवी बादलीत लावून काठ बादलीवर उलटा टाका आणि पहिली पिशवी तिच्यात सोडा. तोच परिणाम.

बाहेरच्या पिशवीला आम्ही लाल सुतळी ठरवली. मावशींना वाचता येत नाही. ‘करोना कचरा’ हे मी कितीही ठळक लिहिलं असतं तरी त्यांच्यासाठी ती काळी रेघोट्यांची चिठ्ठीच. पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत आधीपासून होती, ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांना ती पाठ होती. म्हणून लाल. लाल सुतळी दिसली की त्या पिशवीला घमेल्यात टाकायचं नाही, वेगळ्या डब्यात ठेवायचं, उघडायचं तर मुळीच नाही. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला कुठली खूण ओळखू येते हे त्यालाच विचारा. खूण ज्याने ओळखायची त्यानेच ठरवलेली बरी.

हायपो बनवताना

डबा, डब्याचं झाकण, पायाने दाबायची पट्टी, दाराची कडी, हे रोज एकदा १ टक्का सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशकाने पुसायचं. रुग्णालयात त्याला सगळे नुसतं हायपो म्हणतात. बाजारात कॅनमध्ये ५ टक्क्यांचं मिळालं तर एक वाटी हायपोला चार वाट्या पाणी. १० टक्क्यांचं असेल तर एकाला नऊ. कॅनवरचा आकडा वाचल्याशिवाय मोजू नका. हायपो नसेल तर ब्लीचिंग पावडर. सर्वसाधारण पावडरीत क्लोरीन ३० ते ३३ टक्के असतं, तेव्हा लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम. वजनकाट्यावर तोला, अंदाजाने नको. प्लास्टिकच्या बादलीत खिडकी उघडी ठेवून ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या.

रोज लागेल तेवढंच बनवा, उद्यापर्यंत त्याचा जोर जातो. पुसल्यावर ती जागा किमान १० मिनिटं ओली राहू द्या. बहुतेक जण पुसलं की लगेच कोरडं करतात, मग हायपो लावून उपयोग काय? धातूवर लावलंत तर १० मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर कडी गंजते. फवारण्यापेक्षा फडक्याने पुसणं चांगलं. फवारा काही जागा कोरड्या सोडतो आणि बाकीचा तुमच्या डोळ्यांत जातो.

हायपोमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. आमच्याच इमारतीत एका बाईने ‘अजून कडक होईल’ म्हणून बंद न्हाणीघरात त्यात संडास धुवायचं ॲसिड ओतलं. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. खोकत, डोळे चोळत त्या बाहेर आल्या. दार उघडं टाकून त्यांना गच्चीवर नेलं, तासाभराने श्वास सुरळीत झाला. नशीब थोर. करोनाच्या दिवसांत श्वास कोंडला म्हणून रुग्णालयात जावं लागलं असतं तर कुठल्या वॉर्डात टाकलं असतं, याचा मी विचारही करू शकत नाही.

आणि माणसांवर फवारू नका. एका सकाळी फाटकाशी एक गृहस्थ बागेचा पंप घेऊन उभे होते आणि मावशींना म्हणत होते, हात वर करा, गोल फिरा. मी धावत जाऊन पंप हातातून घेतला. हायपो कातडी भाजतं, डोळे आणि घसा सुजवतं आणि शरीराच्या आत गेलेल्या विषाणूला काहीही करत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं सांगितलं होतं. मावशी निमूट हात वर करून उभ्या राहिल्या होत्या. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ज्यांना काही झालेलं नाही त्यांचे मास्क

साथीत घरात रुग्ण नसला तरी मास्क रोज निघतात. मंडळाच्या सूचनेप्रमाणे असे वापरलेले मास्क आणि हातमोजे कागदी पिशवीत ७२ तास ठेवायचे, कापायचे आणि मग सुक्या कचऱ्यात टाकायचे. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरताना दिसला होता. म्हणून नुसतं थांबणं हाही एक इलाज होता, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही दाराआड चार खिळे ठोकले आणि वर्तमानपत्राच्या चार पिशव्या अडकवल्या. आजचे मास्क पहिल्या पिशवीत, उद्याचे दुसरीत. चौथी भरून झाली की पहिलीला तीन दिवस होऊन गेलेले असतात. ती रिकामी करा. कापायचं कसं? दोन्ही नाड्या कापा आणि मधोमध एक आडवी चीर द्या. अख्खा मास्क धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकला जाऊ शकतो, म्हणून चीर. नाड्या पक्ष्यांच्या पायांत गुंततात, म्हणून नाड्या. कापायची कात्री स्वयंपाकघरातली नको, आणि कापायचं ते ७२ तासांनंतर, आधी नाही. रुग्णाचा मास्क मात्र कापायचा नाही, तो जसाच्या तसा पिवळ्या पिशवीत.

घरी करायच्या चाचणीचं किट मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्य केलं, पुण्याच्याच कंपनीचं. त्यात स्वॅब, द्रवाची नळी आणि पट्टी यांच्याबरोबर ती टाकायची पिशवीही दिलेली असे. लोक निकाल बघायच्या घाईत पिशवी बाजूला टाकत आणि स्वॅब टेबलावर. चाचणी सुरू करायच्या आधीच ती पिशवी उघडून हाताशी ठेवा.

सुई

इथे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मावशी पार्किंगमध्ये सुका कचरा वेगळा करत बसल्या होत्या. ब्रेडचं एक रिकामं पाकीट चपटं करायला त्यांनी मुठीत दाबलं आणि हात झटकला. आत इन्सुलिनची सुई होती, टोपण नसलेली. अंगठ्यावर रक्ताचा एवढासा थेंब आला आणि आपण कोणीही केलं असतं तेच त्यांनी केलं, अंगठा तोंडात घातला. हातमोजे होते हो, पण कापडाचे.

सुई टोचली तर काय करायचं ते आधी सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. अंगठा तोंडात घालायचा नाही. पिळून रक्त काढायचं नाही. स्पिरिट किंवा हायपो ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं आणि त्याच वेळी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात निघायचं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे की नाही तेही डॉक्टर विचारतात. सुई कोणाची हे कळलं तर डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो.

मी मावशींना भाच्याच्या स्कूटरवर बसवून नेलं. जाण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, कोणाची सुई आहे ते मला एकटीला सांगा, नाव कुठेही जाणार नाही. कोणी सांगितलं नाही. आमच्या इमारतीत इन्सुलिन घेणारे किती आणि कोण, हे मला माहीत होतं, मीच त्यांतल्या दोघांना टोचायला शिकवलं होतं. तरी कोणी बोललं नाही. मावशींनी गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स पुरा केला. मळमळत असायचं, तरी सकाळी सातला दारात. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. ते तीन महिने त्यांनी घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या लाटेत हा प्रश्न वाढलाच. स्टेरॉईडमुळे कित्येकांची साखर चढली आणि ज्यांनी कधी सुई हातात धरली नव्हती ती माणसं घरीच इन्सुलिन घ्यायला लागली.

तेव्हा हे करा. फिनेल किंवा कपडे धुवायच्या द्रवाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिरकीच्या झाकणाची. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. काचेची नको, फुटते. बाटलीवर ‘सुया’ लिहा आणि लाल पट्टी चिकटवा. जिथे इंजेक्शन घेता तिथेच ती ठेवा, दुसऱ्या खोलीत नको. टोचून झालं की सुई सरळ बाटलीत. दोन्ही हातांनी टोपण परत लावायच्या भानगडीत पडू नका, अनेकांना तेव्हाच टोचतं. पेनची सुई टोपण लावल्याशिवाय निघत नसेल तर मोठं टोपण टेबलावर आडवं ठेवा आणि एकाच हाताने पेन त्यात सरकवा. साखर तपासायच्या लॅन्सेट, फोडलेल्या ॲम्पूलच्या (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुपीच्या) काचा यांनाही हीच बाटली. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा.

ती बाटली पिवळ्या पिशवीत टाकू नका आणि मावशींकडेही देऊ नका. तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा रक्त तपासता त्या लॅबमध्ये नेऊन द्या. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी येते आणि सुयांसाठी वेगळा पांढरा डबा असतो. आधी विचारा, कारण सगळेच घेतात असं नाही. माझ्या ओळखीच्या एका दवाखान्याने पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हटलं.

गाडी आली नाही तर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे लावले होते, कचऱ्याची गाडी आत येईना. दोन दिवस लाल सुतळीच्या पाच पिशव्या सांभाळायच्या होत्या. झाकणाचा जुना पत्र्याचा पिंप जिन्यामागे सावलीत ठेवला, पिशव्या त्यात, झाकणावर वीट. कुत्री, मांजरं आणि कावळे यांच्यापासून जपणं हेच खरं काम. बाल्कनीत उघड्यावर ठेवलेली पिशवी कावळा दहा मिनिटांत फाडतो.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, मागच्या बाजूला जाळून टाकू. जाळू नका. अंगणातल्या शेकोटीत ते ८०० अंश कुठून येणार? मास्कचं, डायपरचं प्लास्टिक अर्धवट जळतं, त्याचा विषारी धूर वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांत शिरतो, आणि त्या खिडक्यांमागे आधीच दम लागलेली माणसं झोपलेली असतात. थांबा. बांधलेली, झाकलेली पिशवी दोन-तीन दिवस थांबू शकते.

ओला कचरा मात्र थांबत नाही. त्यासाठी घरोघरी एक बादली काढली, तळाशी भोकं, खाली ताटली, एक थर सालं आणि एक थर वाळकी पानं. वास आला तर पानं वाढवा, एवढंच तंत्र.

जुनी औषधं मोरीत किंवा संडासात ओतू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत कालबाह्य औषधं आणि फुटलेले तापमापक घातक घरगुती कचऱ्यात धरले होते, ते वेगळे जमवून वेगळेच द्यायचे. पाऱ्याचा तापमापक फुटला तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, जाड कागदाने पाऱ्याचे मणी एकत्र ढकला आणि झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवा.

मावशींसाठी

फाटकाशी नळ आणि साबण. हे सगळ्यात आधी, सगळ्या पोस्टरांच्या आधी. आमच्याकडे नळ होता, पण गाड्या धुवायला म्हणून त्याला कुलूप. ते काढायला बैठक घ्यावी लागली. कापडी नव्हे, कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, दोन जोड, म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. त्यांच्या मापाचे आणा. पुरुषांच्या मापाचे आणले तर बोटं सटकतात आणि मग त्या ते काढूनच काम करतात.

कोणत्या घरात रुग्ण आहे ते मावशींना कळलंच पाहिजे. बाकी साऱ्या इमारतीला कळायची गरज नाही. आमच्याकडे घरच्यांनी मला फोन करायचा आणि मी मावशींना मजला सांगायचा, एवढंच ठरलं. हे का ठरवावं लागलं? एका घराने लोक काय म्हणतील म्हणून आजार लपवला आणि रात्री साडेअकराला आपली पिशवी वरच्या मजल्याच्या डब्यात नेऊन टाकली. मला राग आला नाही. सकाळी मी त्यांच्या दाराशी पिवळ्या पिशव्यांची गुंडाळी आणि लाल सुतळी ठेवून आले, चिठ्ठीवर माझा नंबर लिहिला. दुपारी फोन आला. त्या मुलीला बोलताच येत नव्हतं, रडत होती. आई आतल्या खोलीत होती आणि ऑक्सिजन ९१ होता. कचऱ्याचं आम्ही मग बोललो, आधी बेड शोधला.

आता घरी एक खोका करून ठेवा. पिवळ्या किंवा जाड पिशव्या वीस, लाल सुतळी, रबरी हातमोजे दोन जोड, जाड बाटली एक, ब्लीचिंग पावडर बंद डब्यात, वजनकाटा कुठे आहे त्याची चिठ्ठी. ब्लीचिंग पावडर वर्षानुवर्षं टिकत नाही, डब्यावर तारीख घाला आणि दर पावसाळ्यापूर्वी बदला. माझा खोका जिन्याखालच्या कपाटात आहे. गेल्या मे महिन्यात पावडर बदलायला काढला, तेव्हा मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सुतळीचं बंडल उचललं, टोक ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "ही कुजलीय सिस्टर, नवी आणा. पिळल्यावर तुटंल."